डेकवरचं बिऱ्हाड

१२ ऑक्टोबर

घर मिळालं. दुसरी खोली न बघताच हो म्हणून आले — मी! जी बटाटेसुद्धा दाबून दाबून घेते!

आधी जी घरं बघितली ती सगळी एका छापाची. पांढऱ्या टाइल्स, प्लास्टिकचे पडदे, भिंतीवर शिंपल्यांची चित्रं. उन्हाळी पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली. इथं घरमालकीण पेरीना मावशींनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. अख्खी जमीन लाकडाची! लांबच लांब फळ्या, मधाच्या रंगाच्या, आणि दर दोन फळ्यांमध्ये एक बारीक काळी रेघ. समुद्रावरचं ऊन खिडकीतून आत येऊन त्या जमिनीवर हलत होतं. मी देशाच्या आतल्या सपाट मुलखातली, स्लावोनियातली. समुद्राचं मला कौतुक कधीच नव्हतं. घटस्फोटानंतर आमच्या विंकोव्त्सी गावापासून लांब कुठंतरी जायचं, एवढ्यासाठीच इथल्या औषधांच्या दुकानातली नोकरी घेतली. पण ते हलणारं ऊन बघून अंगावर काटा आला. खरंच आला.

"एक जूनला घर रिकामं पाहिजे हो," मावशी म्हणाल्या. "उन्हाळ्यात पाहुणे."

इथं सगळेच हे म्हणतात. हिवाळ्यात आम्ही, उन्हाळ्यात पाहुणे, आणि उन्हाळ्यात आम्ही कुठं जायचं ते देव जाणे. मावशी आणि त्यांचे यजमान स्वतः खाली राहतात, पूर्वी जिथं वाइनची पिंपं ठेवायचे त्या दगडी खोलीत. चांगलं ते वरती भाड्यानं द्यायचं, आपण खालती राहायचं. अख्खं गाव असंच राहतं.

१३ ऑक्टोबर

टेबलावरून संत्रं पडलं आणि गडगडत थेट समुद्राकडच्या भिंतीला गेलं. दुसरं मुद्दाम टेबलाच्या पलीकडे ठेवलं. ते गल्लीकडच्या भिंतीला! जमीन मधे उंच आहे. पाठ वर काढून बसलेल्या मांजरासारखी.

फसवलं की काय मला?

१८ ऑक्टोबर

मावशींचा नेम कळत नाही. आपल्या देशात कुठल्याही घरी जा, दारातच मऊ सपाता पुढं करतात. मी माझ्या लोकरीच्या सपाता घालून फिरत होते, तर मावशी लाकडी तळव्याच्या खडावा घेऊन वर आल्या.

"या घाल."

"मावशी, खाली आवाज येईल ना!"

"येऊ दे. आणि गालिचा-बिलिचा अंथरायचा नाही, आधीच सांगते."

बाई जरा सटक आहे. पण खडावा घातल्या. ठक् ठक् ठक्. घोडी फिरतेय असं वाटतं.

दुकानात कुझ्मा म्हणून म्हातारा येतो, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. जन्मभर बोटींच्या कारखान्यात मावशींच्या यजमानांच्या हाताखाली होता. मी कुठं राहते कळल्यावर पोट धरून हसला. "बार्तुल मिस्त्रीच्या डेकवर? काय कॅप्टनीणबाई, बोट लागत नाही ना? लिंबू ठेवा हो जवळ!"

मग त्यानं सांगितलं. बार्तुलकाकांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. मुलगा लग्नाच्या वयाचा झाला तेव्हा त्याच्यासाठी हा मजला चढवला आणि जमीन स्वतःच्या हातानं केली. पण हाताला सवय डेकची! डेक मधे उंच ठेवतात, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जातं. तशीच जमीन झाली. फटींत कापूस ठोकून वर डांबर ओतलं, तेही डेकसारखंच. "सपाट काही त्याला जमायचंच नाही," कुझ्मा म्हणाला. "त्याला कपाट करायला सांगितलंत तरी कपाटाला सुकाणू लावून देईल."

दुकानात सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र गुडघ्यांवर बसून त्या काळ्या रेघांवरून बोट फिरवलं. कुठंही खळगा नाही! माणसाच्या हातानं हे एवढं सरळ कसं होतं?

३ नोव्हेंबर

बुरा सुटलाय. डोंगरावरून येणारा हा कोरडा वारा माणसाला दारातून ढकलून देतो. आणि जमीन बोलायला लागली! आधी एका कोपऱ्यात कट्ट, मग मधे, मग माझ्या पलंगाखाली. लाकूड सुकून आखडतंय. दक्षिणेचा दमट वारा, युगो, होता तोवर ते गप्प होतं, फुगून बसलं होतं. आता मला सकाळी डोळे मिटूनच कळतं की बाहेर कुठला वारा आहे. पायाखाली काहीतरी जिवंत आहे, असं वाटतं. भीती नाही वाटत. हात जोडावेसे वाटतात.

४ नोव्हेंबर

वारा आत कुठून शिरतो ते सापडलं. भिंतीच्या पायथ्याशी कोपऱ्याकोपऱ्यात भोकं आहेत! मुठीएवढी रुंद, आत सुकलेली बुचं. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, "उंदरांची असतील. बुजव हो पोरी, मानेला झुळूक लागली की संपलीस!" झुळकीला इथं लोक लांडग्याला घाबरावं तसे घाबरतात. खरं सांगायचं तर मीही घाबरते. चिंध्या कोंबल्या, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापली. आता कसं ऊबदार झालं.

१६ नोव्हेंबर

आज मावशी कॉफीला वर आल्या होत्या. मी सहज म्हटलं, "हे लाकूड कुठलं हो?"

"ओक. तुमच्याकडचाच की! स्लावोनियातून वॅगन भरून आणलेला. होडीच्या डेकला तो स्वस्तातलं लार्चचं लाकूड वापरायचा. म्हणाला, पोराच्या घराला ओकच लावीन. चार वर्षं सुकवला अंगणात. चार वर्षं मी कपडे त्याच्यावर वाळत घातले."

मावशी गेल्यावर मी जमिनीवर आडवी झाले, गाल टेकवला, वास घेतला. आमच्या जंगलाचा वास! बाबांच्या जाकिटाला यायचा तोच. मी तिथून पळून इथवर आले आणि ते जंगल माझ्याआधी येऊन बसलंय. पुष्कळ रडले. दुःखानं नाही. कशानं ते लिहिता येत नाही.

२६ नोव्हेंबर

कालपासून ताप. दिवसभर पलंगावर पडून होते. दुपारी दार वाजलं. मावशी, हातात कोंबडीच्या सूपचं भांडं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय! त्यानं पाठवलं. सकाळपासून काठी भिंतीवर आपटतोय. वर बोट दाखवतोय. चालली नाहीस ना तू आज."

मला समजायला वेळ लागला. बार्तुलकाका खाली आहेत, अर्धांगाचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळलेत, हे मला माहीत होतं. त्यांची औषधं मीच तर देते. पण त्यांचा पलंग बरोब्बर माझ्या खोलीखाली आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मावशी पलंगाच्या कडेला बसल्या. "त्याला काही जिना चढवत नाही. स्वतःची जमीन बघून किती वर्षं झाली! पण कुणी वर चाललं ना, की तो ऐकतो. कुठल्या फळीवर पाय पडला ते ओळखतो. मागच्या हिवाळ्यातली मास्तरीण मांजरीसारखी चालायची, तर हा जेवायचा नाही. म्हणून तुला खडावा. वेडी म्हणाली असशील मला."

"नाही हो," म्हटलं. धडधडीत खोटं.

सूप पिऊन उठले. खडावा घातल्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गेले, परत आले. खालून काठी वाजली. एकदाच.

२७ नोव्हेंबर

कोणीतरी माझ्या चालण्याची वाट बघतं! माझ्या!

८ डिसेंबर

खाली जाऊन आले. दगडी खोली, फरशीला ओल, मेणबत्तीचा आणि औषधांचा वास. बार्तुलकाका केवढे मोठे आहेत! पलंगाला पुरत नाहीत. उजवा हात निजलेला, डावा फळकुटासारखा रुंद. झटक्यानं सगळे शब्द गेले, एकच उरला. "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. मावशी त्यांच्याशी त्या एका शब्दावर तासन्‌तास भांडतात.

मी म्हटलं, "काका, तुमची जमीन फार सुंदर आहे." त्यांनी डोळे मिटले. मग डाव्या हाताचा तळवा हवेत आडवा धरला आणि हळूच मधे उंच, कडेला खाली असा फिरवला.

"बरं," म्हणाले.

२४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या रात्रीचा वाळवलेल्या कॉड माशाचा रस्सा, मावशींकडे. काकांना मी भरवला. सगळ्या गल्लीत तोच वास. घरी फोन केला नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

१९ जानेवारी

मावशी रडवेल्या झाल्यात. त्यांच्या मुलाचा, दिंकोचा, जर्मनीतून फोन आला होता. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांनी तक्रारी केल्या — चाकांच्या बॅगा आपोआप पळतात, पोराचा दूधभात पालथा झाला, घर वाकडं आहे. दिंको मार्चमध्ये येणार, जमीन उखडणार आणि टाइल्स बसवणार. स्वतःच बसवणार. तिकडं त्याचा तोच धंदा!

"त्याच्या बापानं केलेली जमीन आहे," मी म्हटलं.

"मग मी काय सांगू त्याला? पैसे तोच पाठवतो."

"काकांना सांगितलंत?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली. आम्ही दोघी खालच्या आवाजात बोलत होतो, जमिनीनं ऐकू नये म्हणून जणू.

२० जानेवारी

टाइल्सवर खडावा घातल्या तरी खाली काय ऐकू जाणार? ठप्प. बस. मग ते कशासाठी जेवतील?

आणि मी कुठं जाऊ? नाही, आधी ते. मग मी.

२ फेब्रुवारी

कुझ्माला विचारलं, दिंकोला एवढा राग कसला. तो एकदम गंभीर झाला. लग्न ठरल्यावर मुलीकडची माणसं घर बघायला आली होती म्हणे. दिंकोनं बापाची गंमत करायला सगळ्यांदेखत जमिनीवर सफरचंद सोडलं. ते गडगडत मुलीच्या आईच्या पायाशी गेलं. सगळे हसले. ती बाई मात्र हसली नाही. "माझी मुलगी घरात द्यायची आहे, होडीत नाही," म्हणाली. लग्न मोडलं. दिंको त्या हिवाळ्यातच जर्मनीला गेला.

"आणि काका?"

"मिस्त्री काय बोलणार! तो तोंड असतानासुद्धा बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आला आणि रंधा चालवत बसला."

तेव्हापासून दिंको तिकडं टाइल्स बसवतो. पाणसळ लावून. एकदम सपाट. मला त्या माणसाचा राग यायला पाहिजे, आणि नीट येत नाही.

११ मार्च

दिंको आला. गाडीत टाइल्सची खोकी, राखाडी रंगाची. पन्नाशीचा, टक्कल, बापाचेच हात. वर आला, बूट न काढता माझ्या जमिनीवर पाणसळ ठेवली आणि आतला बुडबुडा कसा कोपऱ्यात पळाला ते मला दाखवलं.

"बघा बाई. याच्यावर लोक पैसे देऊन राहतात!"

"मी राहते," म्हटलं.

"तुमचं काय, तुम्ही एप्रिलपर्यंत दुसरं बघा. मी बोलतो एकदोघांशी." वाईट माणूस नाही. तेच तर अवघड आहे.

खाली बापाशेजारी बसला, तेव्हा मी औषधं द्यायला गेले होते. दोघंही खिडकीकडे बघत होते. "बरं," काका म्हणाले. "बरं," दिंको म्हणाला. बापलेकांचं बोलणं संपलं.

१२ मार्च

युगो लागलाय. आकाश खाली आलंय, समुद्र शिशाचा, सगळ्यांची डोकी दुखतायत. दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या संपल्या.

दिंको सकाळी पहार घेऊन उभा राहिला, तर मावशी जिन्यात आडव्या!

"युगो चाललाय. युगोत काही ठरवायचं नाही."

"आई, ठरलंय ते केव्हाच!"

"फोनवर ठरलं. फोनवर तिकडचा वारा होता. या घरात युगोत कुणी कधी जमीन विकली नाही, मुलगी दिली नाही, आणि तू जमीन उखडतोस? वारा बदलला की ये."

दिंकोनं कपाळाला हात लावला. जर्मनीत तीस वर्षं काढली तरी पहार खाली ठेवली हो त्यानं! माझा जीव भांड्यात पडला. चार दिवस तरी मिळाले.

१३ मार्च

युगो वाढतोय. जमीन अगदी गप्प आहे. फुगून, एकमेकीला घट्ट धरून बसल्यात फळ्या.

१४ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते.

दुपारच्या सुट्टीत घरी येत होते. धक्क्यावर पाणी चढलेलं, लाटा रस्त्यावर. गल्लीच्या तोंडाशी असताना माझ्या डोळ्यांदेखत आमच्या छपराची कौलं उडाली. समुद्राकडची अख्खी रांग! पत्त्यांसारखी. आणि त्याच क्षणी आभाळ फाटलं.

जिन्यावर दिंको माझ्या पुढं धावत होता. दार उघडलं तर आत पाऊस. बाहेरच्याएवढाच! खोलीच्या मधोमध धबधबा पडत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझं सामान गेलं खड्ड्यात. खाली काकांचा पलंग! त्यांना उचलून हलवायला चार माणसं लागतात.

"आई!" दिंको ओरडला. "खाली गळतंय का?"

"नाही!" मावशींचा आवाज. "बादली घेऊन उभी आहे, एक थेंब नाही!"

दिंको माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. पाणी फळ्यांवरून सरळ समुद्राकडच्या भिंतीला पळत होतं. एका फटीत शिरत नव्हतं. पण भिंतीशी साचत होतं! आधी घोटा, मग घोट्याच्या वर. पलंगाखालची माझी पेटी तरंगायला लागली. आता भिंतीच्या सांध्यातून ते खाली जाणारच होतं.

तेवढ्यात खालून काठी. ठाण, ठाण, ठाण! आणि काकांचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता इतका मोठा, "बरं! बरं! बरं!"

"भिंतीवर मारतोय!" मावशी खालून किंचाळल्या. "कोपऱ्यात! वर कोपऱ्यात दाखवतोय!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भोकं! उंदरांची नव्हेत ती! डेकवरचं पाणी समुद्रात सोडायची भोकं! आणि मीच ती लांबी थापून बुजवली होती, एका झुळकीसाठी!

पाण्यात गुडघे टेकले. चमच्यानं, नखांनी लांबी उकरली. दिंकोनं मला बाजूला करून पहारीचं टोक घातलं, ज्या पहारीनं जमीन उखडणार होता तीच. चिंध्या निघाल्या, मागून बूच निघालं, आणि पाणी असं काही घुसलं त्यात! भिंतीबाहेर धो धो कोसळायला लागलं, धक्क्यावर, तिथून समुद्रात. दुसऱ्या कोपऱ्यातलं बूच काढलं. तिथूनही. वरून पाऊस पडत होता आणि जमीन त्याला नुसती वाट दाखवत होती, तू इकडून जा, तू तिकडून. मी भिजून उभी होते, दात वाजत होते, आणि मला देवळात आल्यासारखं वाटत होतं.

खालून एकदाच काठी वाजली.

दिंको पाण्यात मांडी घालून बसला होता. पहार मांडीवर.

१५ मार्च

वारा पडला. कुझ्मा ताडपत्री घेऊन आला, छपरावर चढला, उतरला, आणि कोपऱ्यातल्या भोकाकडे बघून म्हणाला, "ही मी पाडलीत. माझ्या हातांनी. तेव्हा हसलो होतो मी. म्हटलं, मिस्त्री, वर छप्पर आहे की, पाणी येणार कुठून? तर म्हणाला, छप्परही माणसानंच केलंय ना!"

दिंकोनं वाकून त्या भोकात हात घातला.

"म्हणजे मुद्दाम केलं होतं," दिंको म्हणाला. "सगळंच."

"मला काय माहीत! मी आपला सवयच समजत होतो. मी गावभर तेच सांगत फिरलो."

दिंकोनं टेबलावरचं एक संत्रं घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि सोडलं. ते कुठं गेलं ते बघायला तो थांबला नाही. खाली बापाकडे गेला. मी संत्रं उचललं आणि कौलांच्या तुकड्यांवर झाडू फिरवायला घेतला.

२२ मार्च

नवी कौलं बसली. पहार परत गाडीत गेली.

"बाई, जमीन राहणार," दिंको म्हणाला. माझ्याकडे न बघता. "आणि तुम्हीही राहा. बारा महिने. पाहुणे-बिहुणे बंद. आईलाही रोजचं कुणीतरी हवं."

बारा महिने! या गावात! मी नुसती "बरं" म्हटलं आणि आत जाऊन खडावा घालून नाचले. खालून काठी वाजली, दोनदा. मला जुलै बघायला मिळणार हे आज कळलं. जुलैचं ऊन या जमिनीवर कसं दिसत असेल?

३ एप्रिल

टाइल्सच्या खोक्यांचं काय करायचं? दिंको महिनाभराची रजा काढून परत आलाय. म्हणाला, खालच्या खोलीत ओल आहे, तिथं बसवतो. बाबांची छाती धरते त्या ओलीनं. पण खोली रिकामी करायला पाहिजे. म्हणजे काकांना तेवढे दिवस वर आणायला पाहिजे.

मी माझं अंथरूण छोट्या खोलीत नेलं. मोठी खोली त्यांना.

४ एप्रिल

दिंकोनं बापाला पाठुंगळी घेतलं. मागून कुझ्मा, पुढून मी, खाली मावशी सगळ्या संतांची नावं घेत. दगडी जिना, एवढा मोठा माणूस! पायरीपायरीला थांबत वर आणलं. खुर्चीत बसवलं. मावशी पायांवर पांघरूण घालायला लागल्या, तर काकांनी डाव्या हातानं ते दूर केलं. मोज्यांकडे बोट.

दिंकोनं खाली बसून बापाचे मोजे काढले.

काकांनी पाय जमिनीवर टेकवले. बोटं हलवली. अंगठ्यानं ती काळी रेघ शोधली आणि तिच्यावरून हळूहळू पाय पुढं सरकवला, मागं आणला. कितीतरी वेळ. मग टेबलाची कड धरली, आणि उठले! दिंको पुढं धावला, तर कुझ्मानं त्याचा दंड धरला. "राहू दे. तो डेकवर आहे."

एक पाऊल. मग फरपटत दुसरं. उताराच्या बाजूला ते आपसूक झुकत होते, होडीत उभा राहिलेला माणूस झुकतो तसे. खिडकीपर्यंत गेले. समुद्र दिसला. मी आयुष्यात चर्चमध्ये कधी गुडघे टेकले नाहीत मनापासून. इथं माझे पाय आपोआप वाकले.

"बरं," काका म्हणाले. तो शब्द त्यांनी असा कधीच उच्चारला नव्हता.

१० एप्रिल

रोज खिडकीपर्यंत. आज खिडकीपासून दारापर्यंतही. दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.

६ मे

मध्ये लिहायला सवड झाली नाही. बेड, ओट्याचा दगड, नळ, सगळं बदलून खालची खोली झाली. दिंकोचं काम सुरेख आहे, मान्य करायलाच पाहिजे. दोन टाइल्समधली रेघ बापाच्या रेघेसारखीच सरळ! त्याला तसं सांगितलं, तर तो लाल झाला आणि पाणसळ पुसायला लागला.

रविवारी काकांना खाली न्यायचं ठरलंय. मावशी उशांचे अभ्रे काढत होत्या. काका खिडकीशी बसून होते, पाय उघडे, अंगठा त्या रेघेवर. मावशींकडे बघत नव्हते. काहीच म्हणत नव्हते. "बरं"सुद्धा नाही.

मला माझी मोठी खोली परत मिळणार. जुलै. ते ऊन.

७ मे

आज दुकानात सगळ्यांवर खेकसले. कुझ्मा म्हणाला, "युगो नाही, काही नाही, आणि तुम्हाला काय झालं?"

एक जून

काका-मावशींनी वरच राहायचं, खाली मी, असं मीच सुचवलं, आणि माझं सामान काल खाली आलं. दिंकोच्या फरशीवर संत्रं ठेवलं. ठेवलं तिथंच राहिलं.

मावशी खडावा मागायला आल्या. "त्याला पाहिजेत." मी म्हटलं, पडतील हो ते! "पडला तर डेकवर पडेल," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

दुपार आहे. मी पलंगावर पडून छताकडे बघतेय. आज अजून काही ऐकू आलं नाही. सूप करून वर न्यावं का?

— ठक्.